१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : बुद्धिबळाच्या पटावरची संख्या आणि तिचे शेजारी

नदीकाठ (धागाकर्ता)

माझा भाचा सातवीत आहे. सुट्टीत आमच्याकडे आलाय आणि बुद्धिबळाच्या शिबिराला जातो. तिथे त्यांना पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगितली. पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असं ६४ घरांपर्यंत दुप्पट करत जायचं आणि राजाचं कोठार रिकामं. गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. पण घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "मामा, नक्की आकडा किती?"

मी एक्सेलमध्ये २^६४-१ टाकलं (म्हणजे २ चा ६४वा घात वजा १). उत्तर आलं १८४४६७४४०७३७०९६०००००. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हे चुकलंय. दोनाच्या घातातून एक काढला तर विषम संख्या यायला हवी. शेवटी शून्य कसं येईल?" मला खरंच उत्तर देता आलं नाही.

त्याचे दोन प्रश्न इथे मांडतो. एक, खरी संख्या कोणती? दोन, तिला कशाकशाने भाग जातो? शाळेत मूळ अवयव नुकतेच शिकवलेत, त्यामुळे त्याला या संख्येचे मूळ अवयव पाहिजेत. वीस आकडी संख्येचे अवयव हाताने पडतात का हो?

बिटकर

भाच्याचं बरोबर आहे. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ अंकच दाखवतं (पंधरावा गरज पडली तर एकाने वाढवून), पुढच्या जागी शून्यं भरतं. खरी संख्या १८४४६७४४०७३७०९५५१६१५. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

आम्हा प्रोग्रामिंगवाल्यांना ही संख्या तोंडपाठ असते. ६४ बिट (० किंवा १ ठेवायच्या जागा) सगळे १ केले की हीच येते. संगणकाच्या एका ६४ बिटांच्या खणात मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या. पटाचं प्रत्येक घर म्हणजे एक बिट असं समजा. मात्र तिचे अवयव पाडून बघावेत असं मला कधी सुचलं नव्हतं.

खळ्यावरून

आकडा वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून सकाळी काट्यावर घरचा गहू ठेवला. हजार दाणे साधारण ४० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला २५ दाणे धरू. २१व्या घरात १०,४८,५७६ दाणे येतात, म्हणजे ४२ किलो. पन्नास किलोची गोणी भरत आली. अर्धा पट (३२ घरं) संपेपर्यंत सगळे मिळून १७२ टन, दहा टनी १७ ट्रक भरून वर थोडा माल उरेल. इथपर्यंत एखादा मोठा बागायतदार गाव पुरा पडेल.

पूर्ण पटाचे मात्र ७३,७८७ कोटी टन होतात. सगळ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. तेव्हा सगळ्या जगाने नऊशेहून जास्त वर्षं फक्त या पटासाठी पेरायचं. उरलेल्या ३२ घरांनी केलेला हा फरक मला हिशोब केल्यावरच कळला.

पाटीपेन्सिल

नदीकाठ, भाच्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. उत्तर यायच्या आधी ते सम असणार की विषम हे ज्या मुलाला दिसतं, त्याला पुढचंही दिसेल. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. अवयव हाताने पडतात, आणि पाडताना मजा येते.

आधी सोप्या कसोट्या. २ च्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो. ६४ ला ४ ने भाग जातो म्हणून २^६४ च्या शेवटी ६, आणि एक काढला की ५. म्हणजे ५ ने भाग जाणार. अंकांची बेरीज करा, ८७ येते. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही.

आता खरी किल्ली. आठवीत येणारं सूत्र त्याला आजच सांगा: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. २^६४ हा २^३२ चा वर्ग आहे आणि १ हा १ चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १) × (२^३२ + १)

पहिला कंस पुन्हा तसाच फुटतो, त्यातला पहिला कंस पुन्हा. खाली उतरत गेलं की शेवटी उरतं

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

एकही भागाकार न करता सहा अवयव हातात आले. त्याला हे उलट गुणून बघायला सांगा. ३ × ५ = १५, १५ × १७ = २५५, २५५ × २५७ = ६५५३५. प्रत्येक वेळी उत्तर पुढच्या अवयवापेक्षा बरोबर दोनाने कमी येतं. ते का, हे त्याचं त्याला शोधू द्या.

यातले पहिले पाच मूळ आहेत. सहावा मूळ आहे का? इथे थांबते. त्याला एक रात्र विचार करू दे.

रानवाट

पाटीपेन्सिल बाई, सुरेख. ७ ने का जात नाही हे मी करून पाहिलं: २ चे घात ७ ने भागले तर बाकी २, ४, १ अशी फिरते, ६४व्या घाताला बाकी २, त्यातून एक काढला की १. म्हणजे नाही जात.

एक विचारायचं होतं. काशीच्या देवळात सोन्याच्या ६४ चकत्या आहेत आणि पुजारी त्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवत असतात, त्या संपल्या की जग संपेल, असं लहानपणी वाचलं होतं. त्यातही हीच संख्या आहे ना?

बिटकर

हो, हीच. खांब तीन, एका वेळी एकच चकती हलवायची आणि मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही, म्हणून ६४ चकत्या हलवायला कमीत कमी २^६४ − १ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं मानतात, त्याच्या ४२ पट. देऊळ मात्र काशीत नाही. ते कोडं एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली खेळणं म्हणून काढलं आणि काशीची गोष्ट त्या खेळण्यासोबतच पसरली.

छंदवेडी

मी संस्कृतची, गणिताची नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायची गरज नाही हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रात लघु-गुरूंच्या रचना किती होतात हे काढायची रीत आहे. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक काढा, आणि मग उलट येताना निम्म्याच्या जागी वर्ग करा, एक काढला तिथे दुप्पट करा. ६४ अक्षरांसाठी ६४, ३२, १६, ८, ४, २, १ असं उतरायचं. उलट येताना २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि शेवटी २^६४. सहा वर्ग केले की काम झालं. बाईंच्या शिडीच्या पायऱ्या त्याच आहेत, फक्त प्रत्येकीत एक मिळवलेला.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (शके १०७२, म्हणजे ११५०) गुणोत्तर श्रेढीची बेरीज याच रीतीने करायला सांगितली आहे. तिथलं उदाहरण दाण्यांचं नाही, कवड्यांचं आहे. एक दाता पहिल्या दिवशी याचकांना दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करतो. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. उत्तर आहे २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. इतक्या मोठ्या हिशोबात शेवटच्या सहा कवड्याही सोडलेल्या नाहीत, हे मला फार आवडतं.

चाळीसगावजवळच्या पाटणला गेलात तर शिलालेख जरूर बघा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

आणि नदीकाठ, भाच्याला पटावरची संख्या लीलावतीतल्या स्थानांच्या नावांनी वाचून दाखवा: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १५. परार्धापाशी नावं संपतात आणि ही संख्या त्याच्याही पुढे जाते.

बिटकर

छंदवेडी ताई, तुम्ही दिलेला कवड्यांचा आकडा वाचून मी उठून उभा राहिलो. २,१४,७४,८३,६४६!

३२ बिटांच्या खणात एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी ठेवला की सर्वांत मोठी संख्या उरते २,१४,७४,८३,६४७. भास्कराचार्यांच्या उत्तरापेक्षा बरोबर एक जास्त. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जे जुने संगणक अशा खणात मोजतात, त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या संख्येवर पोचेल आणि पुढच्या सेकंदाला खण ओसंडेल. यूट्यूबवर एका गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने २०१४ मध्ये हीच मर्यादा ओलांडली, म्हणून त्यांना मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. दात्याने आणखी एक कवडी दिली असती तर खण काठोकाठ भरला असता. दोन दिल्या असत्या तर सांडला असता.

पाटीपेन्सिल

आणि ती एक जास्त असलेली २१४७४८३६४७ मूळ संख्या आहे. ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७७२ मध्ये सिद्ध केलं. तिच्या शेजारची कवड्यांची संख्या मात्र २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ अशी चुरमुऱ्यासारखी फुटते. मूळ अवयवांच्या बाबतीत शेजाऱ्यांचे स्वभाव असे अगदी वेगळे असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सहाव्या अवयवाकडे येते, ४२९४९६७२९७. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या ओळीत प्रत्येक संख्या मूळ आहे हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने पाहिलं आणि १६४० च्या सुमारास त्याने असं मानलं की ही ओळ पुढेही मूळच राहणार. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाज नेमका पुढच्याच पायरीवर चुकला. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

त्याने आंधळेपणाने भागाकार केले नाहीत. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येतो हे त्याने सिद्ध केलं. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात दार उघडलं.

भाच्यासाठी याहून सुंदर रीत आहे, तिच्यात भागाकारच नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहायचा:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४

६४१ ने भागल्यावरची बाकीच फक्त बघायची. पहिल्या ओळीवरून ५ × २^७ पुऱ्या भागाला एक कमी, म्हणजे बाकी −१ सारखी. तिचा चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. मी शाळेत हे दरवर्षी एका तरी वर्गात फळ्यावर करायचे, आणि शेवटची ओळ लिहिताना दरवर्षी तितकाच आनंद व्हायचा.

नदीकाठ

बाई, तो माझ्या शेजारी बसून हे वाचतोय. विचारतोय, "पण ६७००४१७ मूळ आहे कशावरून? तिलाही कोणी सापडला तर?"

पाटीपेन्सिल

हाच प्रश्न यायला हवा होता. तिचे तुकडे होत असतील तर एक तरी मूळ तुकडा तिच्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे २५८८ पेक्षा, मोठा नसणार. लुकाने (तोच, चकत्यांच्या खेळण्यावाला) १८७८ मध्ये ऑयलरची अट आणखी घट्ट केली: अवयव १२८ च्या पटीत एक मिळवूनच येतो. २५८८ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त पाच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद, कारण २^८ ची बाकी −१ असेल तर २^३२ ची १, आणि २^३२ + १ ची २. उरले चार भागाकार. कागदावर करायला सांग त्याला. बाकी मी सांगत नाही.

रानवाट

म्हणजे पूर्ण उत्तर असं झालं ना?

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. तेव्हा एकूण विभाजक २^७ = १२८. दोनच्या घातातून निघालेल्या संख्येच्या विभाजकांची मोजणीही दोनचाच घात!

कापरेकरांच्या हर्षद संख्या (ज्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो) आठवल्या म्हणून तेही तपासलं. अंकांची बेरीज ८७ = ३ × २९, पण २९ अवयवांत नाही. त्यामुळे ही हर्षद नाही.

छंदवेडी

मेरुप्रस्तार घ्या. हलायुधाने दहाव्या शतकात पिंगलावरच्या टीकेत सांगितलेला, ज्याला शाळेत पास्कलचा त्रिकोण म्हणतात. प्रत्येक ओळीत विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा, आणि ती ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १, ११, १०१, ११११, १०००१, म्हणजे १, ३, ५, १५, १७. पुढे ५१, ८५, २५५, २५७. सगळे आपल्याच संख्येचे विभाजक! माझ्या मुलीने हे दाखवलं, ती अभियांत्रिकीला आहे.

पाटीपेन्सिल

मुलीला आशीर्वाद. याच्याच आत आणखी एक गोष्ट आहे. गाउसने १७९६ मध्ये, एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, पट्टी आणि कंपासने सुसम सतराभुज काढता येतो हे दाखवलं. विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज असे काढता येतात ते ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांचे वेगवेगळे गुणाकार, आजवर माहीत असलेले एकूण ३१. पहिली ओळ सोडली तर मेरूच्या पुढच्या ३१ ओळी म्हणजे तेच ३१ बहुभुज, क्रमाने. शेवटचा ४२९४९६७२९५ बाजूंचा, म्हणजे अर्ध्या पटावरच्या दाण्यांएवढा. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजासाठी हेर्मेस नावाच्या माणसाने दहा वर्षं दिली. त्याचं हस्तलिखित गटिंगेनला जपून ठेवलं आहे.

तेहतिसाव्या ओळीवर फर्मा चुकला ती संख्या येते आणि ती बहुभुजांची माळ तुटते. पण मेरू थांबत नाही. चौसष्टाव्या ओळीतली प्रत्येक संख्या विषम असते, म्हणून तिथे ६४ एक ओळीने उभे राहतात. ती आपली पटावरची संख्या. तिथपर्यंतच्या ६४ ओळी म्हणजे तिच्या १२८ विभाजकांपैकी बरोबर ६४.

नदीकाठ

आणि पासष्टावी ओळ? हा प्रश्न त्याचाच. म्हणतो, "दोन्ही टोकांना १ आणि मध्ये सगळी शून्यं असणार."

पाटीपेन्सिल

बरोबर. ती २^६४ + १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. ...६१५, ...६१६, ...६१७ हे तीन सख्खे शेजारी. पहिल्याचे सात तुकडे आपण एका धाग्यात कागदावर पाडले. मधल्यात २ सोडून कोणीच नाही. तिसऱ्याला वर्गांच्या वजाबाकीची शिडी लागत नाही, कारण तिथे बेरीज आहे. फर्माचा अंदाज १७३२ मध्ये मोडला, तरी या संख्येचे अवयव सापडायला १८५५ उजाडलं. तेव्हा क्लाउसेन नावाच्या गणितज्ञाने ते गाउसला पत्रातून कळवले, पण त्या पत्राची कोणाला खबर नव्हती. मग १८८० मध्ये लांद्री नावाच्या फ्रेंच माणसाने वयाच्या ८२व्या वर्षी स्वतंत्रपणे काढले:

२७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१

मी आज सत्तरीत आहे. हे वय वाचलं की मला बळ येतं.

बिटकर

यापुढची पायरी, २^१२८ + १, हिला १९७० साल आणि संगणक लागला. २^४०९६ + १ चे काही अवयव मिळालेत, पण सगळे अजूनही नाहीत. २^१०४८५७६ + १ संयुक्त आहे हे सिद्ध झालंय आणि तिचा एकही अवयव कोणाला माहीत नाही. मूळ नाही हे कळणं आणि अवयव सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत.

नदीकाठ

दोन दिवसांनी लिहितोय. चार भागाकार झाले. बाकी ४४, १२०, ३३४, ६२२. ११५३ चा भागाकार पहिल्यांदा चुकला होता, दुसऱ्यांदा जमला. ६७००४१७ मूळ आहे हे त्याचं त्याने सिद्ध केलं.

मग म्हणाला, लांद्री आजोबांचा २७४१७७ बरोबर आहे का तेही बघू. वीस आकडी भागाकार करायला लागणार म्हणून मी कागद जोडत होतो, तर त्याने बाईंची बाकीची रीत वापरली. ४२९४९६७२९६ ला, म्हणजे २^३२ ला, २७४१७७ ने भागलं, बाकी २५८७६८. म्हणजे पुऱ्या भागाला १५४०९ कमी. २^६४ हा २^३२ चा वर्ग, म्हणून १५४०९ चाही वर्ग केला, २३७४३७२८१. त्यात १ मिळवला, २३७४३७२८२, आणि त्याला २७४१७७ ने भागलं.

८६६, बाकी शून्य.

तो कागद फ्रीजवर लावलाय.